पदराची गाठ कोणी मारली?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणाऱ्या ताईंच्या वडिलांना, वय 67, दीड वर्षापूर्वी स्ट्रोक झाला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, बोलणंही आलं, पण आठवण पूर्वीसारखी राहिली नाही. गोळ्या कधी घ्यायच्या, फिजिओला कधी जायचं, गॅस बंद केला की नाही, हे सगळं ते मोबाइलमध्ये बघून करतात. धाकट्या भावाचं म्हणणं असं की मोबाइलच बाबांना नाचवतोय, तो काढून घ्या आणि साधा बटणांचा फोन द्या. ताईंना वाटतं की मोबाइल आता बाबांच्या डोक्याचाच भाग झालाय आणि तो काढून घेणं क्रूरपणाचं होईल. दोघांपैकी बरोबर कोण?

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. गेली 22 वर्षं मेंदूला इजा झालेल्या लोकांबरोबर काम करते. त्यांत बहुतेक स्ट्रोकचे रुग्ण, आणि दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेली तरुण मुलं. आमची फिजिओथेरपिस्टांशी नेहमी गल्लत होते म्हणून सांगते. कमलाबाई निंबकरांनी 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात आमच्या शिक्षणाची सुरुवात केली, तेव्हापासून आमचं काम माणसाला त्याचा रोजचा दिवस परत मिळवून देण्याचं आहे. अंघोळ, स्वयंपाक, बाजारहाट, पैशांचा हिशेब, आणि आता मोबाइल.

ताई, तुम्हा दोघांनाही जे दिसतंय ते खरं आहे. भावाचा उपाय मात्र चुकीचा आहे, आणि तुम्ही आहे तसंच चालू ठेवलंत तर तेही चुकेल.

'आठवण गेली' असं आपण सरसकट म्हणतो, पण आठवणी अनेक प्रकारच्या असतात. लग्न कुठल्या साली झालं, हे आठवणं वेगळं आणि संध्याकाळी पाच वाजता गोळी घ्यायची आहे हे बरोबर पाच वाजता मनात येणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात माहिती असून भागत नाही, ती नेमक्या क्षणी आपण होऊन वर यावी लागते. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की हे वर येणंच थांबतं. असा माणूस विचारल्यावर अचूक सांगतो, "हो, पाचला गोळी आहे." आणि पाच वाजता खिडकीत शांत बसून राहतो. घरच्यांना तो आळस किंवा हट्टीपणा वाटतो. त्यावरून झालेली भांडणं मी इतकी पाहिली आहेत की पहिल्याच भेटीत मी सगळ्यांना समोर बसवून हा फरक समजावून सांगते.

यावरचा उपाय आपल्याकडे फार जुना आहे. माझी आजी पदराला गाठ मारायची. दुपारी कधीतरी पदर हाताला लागला की तिला आठवायचं, अरे, दुधाचे पैसे द्यायचे राहिले. गाठीत माहिती काहीच नव्हती. ती फक्त वेळेवर टोचायची, आणि टोचणीमागचा अर्थ आजीला ठाऊक असायचा, कारण गाठ तिनेच मारलेली असे.

याच गाठीचं यंत्र 1990 च्या दशकात तयार झालं. कॅलिफोर्नियातल्या लॅरी ट्रेडगोल्ड या इंजिनिअरच्या मुलाच्या डोक्याला गंभीर इजा झाली होती. त्यांनी नील हर्ष या मेंदू-मानसशास्त्रज्ञाच्या मदतीने न्यूरोपेज नावाची सोय उभी केली. कमरेला पेजर, त्याला एक मोठं बटण. ठरलेल्या वेळी तो वाजायचा किंवा थरथरायचा आणि पडद्यावर एक ओळ यायची: गोळी घे, डबा भर, आईला फोन कर. इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची नीट चाचणी घेतली. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 8 ते 83 वयाचे 143 लोक होते. ज्यांनी चाचणी पूर्ण केली त्यांच्यापैकी 80 टक्क्यांहून जास्त लोक पेजर असताना आपली कामं आधीपेक्षा लक्षणीय प्रमाणात वेळेवर करू लागले. आमच्या क्षेत्रात इतका ठळक फरक क्वचितच दिसतो.

तुमच्या भावासाठी यातला एक तपशील महत्त्वाचा आहे. 2008 साली त्याच माहितीची पुन्हा छाननी झाली. अपघाताने मार लागलेल्यांपैकी अनेकांची घडी पेजर काढून घेतल्यावरही टिकून होती. स्ट्रोकचे रुग्ण मात्र गट म्हणून पाहता पुन्हा पूर्वीच्या जागी आले. म्हणजे "थोडे दिवस मोबाइल, मग सवय झाली की बंद" हा हिशेब तुमच्या वडिलांच्या बाबतीत बहुधा जुळणार नाही. चष्मा दोन वर्षं वापरला म्हणून डोळे सुधारत नाहीत, तसंच हे.

ताई म्हणतात तो 'डोक्याचा भाग' हाही नुसता भावनेचा विषय नाही. अँडी क्लार्क आणि डेव्हिड चाल्मर्स या दोन तत्त्वज्ञांनी 1998 साली नेमकं हेच मांडलं. त्यांचं काल्पनिक उदाहरण ऑटो नावाच्या माणसाचं आहे. त्याला अल्झायमर आहे आणि सगळं तो एका वहीत लिहून ठेवतो. न्यूयॉर्कमधलं एक संग्रहालय 53व्या रस्त्यावर आहे हे इंगा नावाची बाई आठवून सांगते, ऑटो वहीत बघून सांगतो. ते विचारतात, दोघांत फरक काय? वही कायम जवळ आहे, पटकन उघडता येते आणि ऑटो तिच्यावर शंका न घेता विश्वास ठेवतो. मग ती वही ऑटोच्या मनाचाच भाग का मानू नये? ऑटो कल्पनेतला असला तरी माझ्या खोलीत असे ऑटो रोज येतात, त्यामुळे मला हे पटायला वेळ लागला नाही.

एक 26 वर्षांचा मुलगा होता. हेल्मेट नव्हतं, रात्री दुभाजकावर गाडी गेली. आम्ही दोघांनी मिळून आठ महिने त्याच्या मोबाइलमध्ये त्याचं आयुष्य लिहून काढलं. प्रत्येक माणसाचा फोटो, खाली नाव, नातं आणि एक टीप. "हा माझा मेव्हणा. याच्यासमोर जमिनीचा विषय काढायचा नाही." तो पुन्हा नातेवाइकांत मिसळायला लागला होता. एकदा स्क्रीन बदलायला मोबाइल दुकानात दिला आणि तो रिकामा होऊन परत आला. बॅकअप घेतलेला नव्हता, ती चूक माझी. ते आठ महिने पुसल्यावर तो माझ्यासमोर बसला होता तेव्हा त्याची 'वस्तू' हरवली आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही. तो पुन्हा जखमी झाला होता. म्हणून मोबाइल काढून घेण्याच्या गोष्टीला मी इतकी कडक आहे.

आता भावाची बाजू. तीही मला एका रुग्णानेच शिकवली.

निवृत्त गृहस्थ, आयुष्यभर हिशेबाचं काम केलेले, स्ट्रोकनंतर आठवणीचा त्रास. मी त्यांना अगदी शिस्तीत शिकवलं होतं: मोबाइल वाजला की थांबायचं, वाचायचं, आणि जे लिहिलंय ते लगेच करायचं. चार महिन्यांत एकही गोळी चुकली नाही. मला अभिमान वाटत होता. मग त्यांची सून सांगायला आली की घरात तिसरा मिक्सर आलाय. झालं असं होतं की खरेदीचं एक अ‍ॅप त्यांना दर काही दिवसांनी आठवण करत होतं. तुम्ही निवडलेली वस्तू तुमची वाट पाहत आहे, आजच घ्या, विसरू नका. त्यांना विचारलं तर शांतपणे म्हणाले, "मीच ठरवलेलं असणार. नाहीतर मोबाइल कशाला सांगेल?"

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. त्यांचं अजिबात चुकलं नव्हतं. मी शिकवलं तसंच ते वागले होते. गोळीची आठवण आणि मिक्सरची जाहिरात एकाच जागी, एकाच अक्षरात, जवळपास सारख्याच आवाजात येत होती, आणि दोन्हींची भाषाही एकच होती: "विसरू नका." ऑटोच्या वहीत सगळं ऑटोचंच अक्षर होतं. या गृहस्थांच्या वहीत परक्यांनी लिहिलं होतं, तेही हुबेहूब त्यांच्या अक्षरात. क्लार्क आणि चाल्मर्स यांनी ज्याला मनाचा भाग होण्याची अट म्हटलं, तो शंका न घेता ठेवलेला विश्वास, त्याच वाटेने परका माणूस आत शिरतो. वस्तू जितकी आपल्या मनात मुरलेली, तितकी ही वाट मोकळी.

माझ्या आजीच्या पदराला शेजारच्या बाईने रोज दहा गाठी मारल्या असत्या तर आजीने काय केलं असतं? पदर काढून टाकला नसता. शेजारणीला पदराजवळ फिरकू दिलं नसतं.

पेजर आणि मोबाइल यांच्यातला खरा फरक मला इथे दिसतो. पेजरवर येणारी प्रत्येक ओळ रुग्णाने किंवा त्याच्या माणसांनी ठरवलेली असायची आणि त्या यंत्राला काहीही विकायचं नव्हतं. मोबाइलमध्ये चाळीस-पन्नास अ‍ॅप बसलेली असतात आणि त्यांतल्या बहुतेकांचं पोट आपण किती वेळा उघडून बघतो यावर चालतं. बोटाने सरकवत राहिलं तरी न संपणारं पान, म्हणजे इन्फिनिट स्क्रोल, एझा रॅस्किन यांनी 2006 साली तयार केलं आणि पुढे त्यांनीच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. छापील पेपर संपतो, पुस्तकाचं प्रकरण संपतं, आणि तिथे माणूस मान वर करून विचार करतो की आता काय. स्ट्रोकच्या रुग्णाला तो थांबा आपल्यापेक्षा जास्त लागतो, कारण आपण होऊन थांबणं हेच त्याच्या मेंदूला जड जातं. तुमचे वडील रील बघत दीड तास बसले असतील तर ते 'व्यसनी' झाले असं समजू नका. गाडीचा ब्रेक सैल झालाय आणि रस्ता उताराचा आहे.

आणखी एक गोष्ट. घरचे म्हणतात, "यांना सकाळचं काही आठवत नाही, पण हात बरोबर मोबाइलकडे जातो, म्हणजे नाटक करतात." नाटक नाही. जिनिव्हाच्या एदुआर क्लापारेद या डॉक्टरांनी 1911 साली एका विस्मृतीच्या रुग्ण बाईची गोष्ट नोंदवली. त्यांनी हातात टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. नंतर तिला ती टाचणी आठवेना, पण ती हात पुढे करायलाही तयार होईना. आठवण आणि सवय मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी मुरतात. पहिली गेली तरी दुसरी शिल्लक राहते. आम्ही याचाच उपयोग करतो: तीच कृती, त्याच क्रमाने, चूक होऊ न देता शंभर वेळा करून घ्यायची, की हात शिकतो. पण अ‍ॅपवालेही त्याच दाराने येतात. अधूनमधून काहीतरी छान दिसतं, कधी दिसेल ते सांगता येत नाही, आणि हात पुन्हा पुन्हा तिकडे जायला शिकतो.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते. मी प्रत्येक घरात हेच करते.

सेटिंगमधली नोटिफिकेशनची यादी उघडा आणि सगळ्यांचं बंद करा. काही अ‍ॅपचं ठेवायचं, काहींचं काढायचं अशी निवड करत बसू नका, सगळं बंद. मग फोन, गजर, कॅलेंडर आणि घरच्या माणसांचे मेसेज एवढंच सुरू करा. 2022 साली आलेल्या अँड्रॉइड 13 पासून नोटिफिकेशनसाठी अ‍ॅपला आधी परवानगी मागावी लागते. त्याआधीच्या फोनमध्ये ती न विचारताच सुरू असते, आणि म्हाताऱ्या माणसांकडे बहुधा मुलांनी वापरून दिलेला जुना फोन असतो, म्हणून हे काम हातानेच करावं लागतं. पहिल्या पडद्यावर चार-पाचच चिन्हं ठेवा, रोज त्याच जागी. चार्जिंगची जागा आणि वेळ ठरवून टाका. बॅकअप सुरू करा, तो का, ते वर सांगितलंच आहे. पेन्शनचं खातं यूपीआयला जोडलेलं असेल तर ते काढून थोड्या पैशांचं वेगळं खातं जोडा, साठवलेली कार्डं पुसा, ऑटोपेमध्ये काय काय चालू आहे ते बघा.

मिक्सरवाल्या गृहस्थांनंतर मी आणखी एक गोष्ट सुरू केली आणि आता ती कधीच सोडत नाही. रुग्णाचे गजर त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करायचे. "मी आता रक्तदाबाची गोळी घेणार आहे." ती ध्वनिफीत गजराची रिंगटोन म्हणून लावायची. आणि नियम शिकवायचा: माझ्या आवाजाचं तेवढं लगेच ऐकायचं, बाकी काहीही वाजलं तर घरच्यांना विचारून. सुरुवातीला लोक लाजतात, स्वतःचा आवाज ऐकून हसतात. पण 'मोबाइल सांगतोय' आणि 'मी मला सांगतोय' हा फरक डोक्याने लक्षात ठेवावा लागत नाही, तो कानाला कळतो.

हे सगळं वडिलांच्या पाठीमागे करू नका, ही माझी कळकळीची विनंती. एका घरात सुनेने प्रेमापोटीच सासऱ्यांच्या मोबाइलमध्ये 31 गजर लावले होते. उठा, पाणी प्या, आता झोपा, टीव्ही बंद करा. ते बिचारे दिवसभर उठत-बसत होते आणि कुठलीच गोष्ट त्यांनी स्वतः ठरवलेली नव्हती. परकी गाठ घरातल्या माणसानेही मारलेली असू शकते. वडिलांना विचारा, तुम्हाला स्वतःला काय विसरायचं नाहीये? माझ्या एका रुग्णाने पहिला गजर गोळीचा नाही, तर संध्याकाळी तुळशीला पाणी घालण्याचा लावायला सांगितला. आम्ही तो लावला. गोळीचा दुसरा.

कायद्याचीही थोडी मदत आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात 13 क्लृप्त्यांना नावं दिली आहेत: खोटी घाई करणं, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल असे शब्द वापरणं, पुन्हा पुन्हा छळणं, वर्गणी बंद करणं मुद्दाम अवघड ठेवणं. वडिलांच्या बाबतीत असं काही दिसलं तर स्क्रीनशॉट काढून ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करा. पैसे फसवणुकीने गेले असतील तर 1930, आणि तेही लगेच. मला या सूचना अपुऱ्या वाटतात, कारण त्यांचा रोख खरेदी-विक्रीवर आहे आणि लक्ष ओढून घेण्याला त्या फारसा हात लावत नाहीत. पण नाव मिळालं की बोट ठेवता येतं.

भाऊ कदाचित म्हणेल, हे आजारी माणसांचं झालं, आपल्यासारख्यांचं काय? मोबाइल नुसता टेबलावर असला तरी बुद्धी मंदावते, असा निष्कर्ष 2017 साली एका अभ्यासात निघाला होता. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत तसं दिसलं नाही, म्हणून मी तो कोणाला सांगत नाही. पण रुग्णांमध्ये जे ठळक दिसतं ते आपल्यात फिकट स्वरूपात असतंच. आपल्यालाही सकाळी उठल्यावर 'मला काहीतरी बघायचं होतं' असं वाटतं आणि ते काय हे मोबाइल उघडल्यावर मोबाइलच ठरवतो. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांचा अभ्यास. मला यातलं 'मोबाइल वाईट' हे सांगणं महत्त्वाचं वाटत नाही. एका गावाने एकत्र बसून आपला गजर आपण लावला, हे मोलाचं वाटतं.

बटणांच्या फोनबद्दल शेवटी. त्यात गजर असतात, पण फोटो नसतात, नावाखाली टिपा नसतात आणि मुख्य म्हणजे ज्या वाटेवर वडिलांचा हात दीड वर्षात तयार झालाय ती वाटच नसते. स्ट्रोकनंतर नवी वाट तयार करायला किती महिने लागतात ते तुम्ही चालण्याच्या व्यायामात पाहिलंच आहे.

येत्या रविवारी भावालाही बरोबर घेऊन बसा. नोटिफिकेशनची यादी त्यालाच बंद करू द्या, कशाकशाची घंटा बाबांना बोलावत होती हे त्याच्या डोळ्यांनी दिसू दे. रेकॉर्डिंग मात्र सकाळी करा, नाश्त्यानंतर, दुपारपर्यंत ते थकतात. शब्द जड येतील, मध्येच थांबतील. वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. पहिल्याला चार-पाच वेळा प्रयत्न करावा लागतो, दुसरा दोनदाच.